हायड्रोजनच्या गाडीत बॅटरी कशाला? घाटातलं गणित समजून घ्या

हायड्रोजनवर ट्रक धावल्याची बातमी आली की पारावर चर्चा ठरलेली. "आता डिझेलचा टेम्पो घ्यायचा की थोडं थांबायचं?" लाखोंच्या कर्जाचा प्रश्न असल्याने हा प्रकार नीट समजून घेतलेला बरा.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने ३७ गाड्या आणि ९ इंधन केंद्रांच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यात आपला पुणे-मुंबई मार्गही आहे. ३७ पैकी १५ गाड्या फ्युएल सेलच्या, तर २२ गाड्या इंजिनातच हायड्रोजन जाळणाऱ्या.

फ्युएल सेल म्हणजे काय?

टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन सेलमध्ये एकत्र येतात. त्यातून वीज आणि पाणी तयार होतं. जाळणं नाही, धूर नाही. त्या विजेवर मोटर चालते.

पण सेलला एका लयीत काम करायला आवडतं. बोरघाटात भरलेला ट्रक चढवताना एकदम जास्त वीज लागते. असे झटके वारंवार बसले की सेलचं आयुष्य घटतं. म्हणून सोबत बॅटरी असते. चढाला ती जोर लावते. उताराला मोटरच जनित्र बनते आणि ती वीज बॅटरीत जाते. सेलमध्ये ती साठवता येत नाही. यालाच हायब्रिड म्हणतात.

कोण कधी काम करणार?

हे गाडीतला संगणक ठरवतो. साधी पद्धत नियमांची: बॅटरी उतरली की सेलचा जोर वाढवा, भरली की कमी करा. दुसऱ्या पद्धतीत बॅटरीतल्या विजेची किंमत हायड्रोजनमध्ये मोजून क्षणाक्षणाला स्वस्त पर्याय निवडला जातो. तिसऱ्या पद्धतीत पुढचा रस्ता आधीच माहीत असतो. घाट येण्याआधी बॅटरी भरून ठेवायची, उताराआधी तिच्यात जागा करायची. मुरलेला ड्रायव्हर घाटाआधीच गिअरचा विचार करतो, तसंच हे. ठरलेल्या मार्गाच्या बसला ही पद्धत जास्त उपयोगी.

खरी मेख खर्चात

पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. सेलमधून परत मिळते अंदाजे १६ ते १८ युनिट. म्हणजे एक तृतीयांशच. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर नुकसान खूप कमी. शिवाय आज जगात बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. तसा वापरला तर धूर रस्त्यावरून कारखान्यात गेला, एवढंच.

म्हणूनच सरकारचा भर हरित हायड्रोजनवर आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं. त्याच वर्षी राज्याने ८,५६२ कोटींचं धोरण आणलं.

मग आपल्या तालुक्याचं काय?

हायड्रोजनचा फायदा लांब पल्ल्याच्या अवजड गाड्यांना आहे. टाकी काही मिनिटांत भरते आणि मोठ्या बॅटरीचं वजन मालाची जागा खात नाही. पण रोज ६०-७० किलोमीटर फिरून रात्री दारात उभ्या राहणाऱ्या टेम्पोला तो फायदा नाही. तिथे साधी बॅटरीची गाडीच परवडू शकते.

त्यामुळे टेम्पो घ्यायचा असेल तर तुलना डिझेल, सीएनजी आणि बॅटरी यांचीच करा. हायड्रोजनसाठी अडून राहू नका. पंप महामार्गावर आधी येतील, तालुक्याच्या फाट्यावर बऱ्याच नंतर.