घोरण्यावर सिडनीची फुंकर

‘बाबा घोरतात’ हा आपल्या घरांत चेष्टेचा विषय. पण घोरणं मध्येच थांबून काही क्षण शांतता आणि मग दचकून श्वास, असं होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन घटतो. हाच स्लीप ॲप्निया.

पूर्वी गंभीर रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागे. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरली: हवा ओढण्याऐवजी नाकात सोडली. पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीइतक्या दाबानं घसा रात्रभर उघडा राहिला. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हेच आजचं सीपॅप.

कल्पना साधी, पण यंत्र स्वस्त नाही. मेडिकेअर निकषांत बसणाऱ्यांच्या झोपेच्या तपासणीला हातभार लावतं, यंत्राच्या खरेदीला एरवी नाही. म्हणून तपासणीनंतर यंत्र आधी भाड्यानं घ्या, मास्क चेहऱ्याला नीट बसतो का ते पाहा. न वापरता कपाटात पडलेलं यंत्रच सगळ्यात महाग पडतं.