प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात अब्जांश कण

बटण दाबल्यावर पंखा नुसताच गुणगुणतो, फिरत नाही. वायरमन "कंडेन्सर गेला" म्हणतो आणि नवा बसवतो. या कंडेन्सरमध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी असते. पापुद्र्यावर धातूचा थर असतो. दोन धातूथरांमधले प्लॅस्टिक म्हणजे डायइलेक्ट्रिक, अर्थात विद्युत अपारक.

त्यात किती ऊर्जा साठेल हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली, पदार्थाचा अपारक स्थिरांक. दुसरी, तो फुटण्यापूर्वी किती विद्युत क्षेत्र सहन करतो. ऊर्जा या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विसरू नये.

पॉलिप्रॉपिलीनचा स्थिरांक जेमतेम २.२ आहे, पण ताणून केलेला त्याचा चांगला पापुद्रा एका मायक्रॉन जाडीला सुमारे ६०० व्होल्ट सोसतो. उलट बेरियम टिटॅनेट या सिरॅमिकचा स्थिरांक हजाराच्या पुढे जातो; मात्र ते ठिसूळ असते आणि त्यामानाने फार कमी क्षेत्राला फुटते. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये असे पापुद्र्याचे कंडेन्सर बरीच जागा अडवतात. मग एकाची लवचिकता आणि दुसऱ्याचा स्थिरांक एकत्र का आणू नये?

प्लॅस्टिकमध्ये आकारमानाने १० टक्के बेरियम टिटॅनेट मिसळले असे समजू. विद्यार्थी सरासरी काढतील: १००० चे १० टक्के म्हणजे १००, अधिक २.२ चे ९० टक्के, म्हणून सुमारे १०२. परंतु मॅक्सवेल गार्नेट यांच्या १९०४ सालच्या सूत्राने उत्तर येते सुमारे २.९!

असे का व्हावे? गोल कण प्लॅस्टिकमध्ये सुटे विखुरलेले असतात. एका धातूथराकडून दुसऱ्याकडे जाणारी प्रत्येक वाट प्लॅस्टिकमधूनच जाते. म्हणजे ही काहीशी एकसर जोडणीच झाली, आणि एकसर जोडणीत लहान धारकतेचाच वरचष्मा असतो, हे आपण शिकवतोच.

शिवाय कणाच्या आत क्षेत्र अगदी कमी होते, तर त्याच्या दोन टोकांलगतच्या प्लॅस्टिकमध्ये ते सुमारे तिपटीपर्यंत वाढते. तिथूनच पापुद्रा फुटू लागतो. समजा, स्थिरांक एक तृतीयांशाने वाढला, पण सोसण्याची क्षमता निम्मी झाली. वर्गाच्या नियमाने ऊर्जा पूर्वीच्या एक तृतीयांशच उरेल. कमावण्यापेक्षा गमावलेच अधिक!

मग कण अब्जांश मीटरच्या मापाचे करून काय साधते? १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. कबड्डीची चार मैदाने त्यात मावतील. कण आणि प्लॅस्टिक जिथे भेटतात तो सीमाभागच आता पदार्थाचे गुण ठरवू लागतो. टी. जे. लुईस यांनी १९९४ साली याकडे लक्ष वेधले.

सिलिका किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडचे असे कण थोड्याच टक्क्यांत नीट मिसळले, तर सीमाभागात भटके इलेक्ट्रॉन अडकतात. ते वेग घेऊन पुढचे बंध तोडू शकत नाहीत. त्यामुळे स्थिरांक फारसा न वाढताही पदार्थ अधिक क्षेत्र सोसू शकतो. उच्च दाबाच्या एकदिश विद्युतप्रवाहाच्या केबलींसाठी हा गुण मोलाचा आहे.

'नीट मिसळले तर' ही अट मात्र अवघड आहे. ऑक्साइडच्या कणांना प्लॅस्टिकपेक्षा एकमेकांचीच ओढ अधिक. त्यांच्या गाठी होतात, गाठींत पोकळ्या राहतात आणि पोकळीतली हवा आधी फुटते. यावर उपाय म्हणजे कणाला प्लॅस्टिकशी जुळणाऱ्या रेणूंचे अस्तर चढवणे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००७ साली बेरियम टिटॅनेटच्या कणांवर फॉस्फॉनिक आम्लाचे अस्तर चढवून एकसारखे पापुद्रे मिळवले. त्यांत स्थिरांकही वाढला आणि फुटण्याला विरोधही चांगला राहिला.

वर्गात बटाट्याचा एक घन कापून आठ समान घन करावेत आणि मुलांना पृष्ठफळ मोजायला सांगावे. ते दुप्पट भरेल. नंतर २ आणि १००० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर एकसर जोडल्यास धारकता किती, हे गणित द्यावे. उत्तर २ पेक्षाही किंचित कमी येते. ही दोन उत्तरे शेजारी लिहिली, की मिसळणीत किती घातले याइतकेच ते कसे विखुरले यालाही महत्त्व का, हे मुले स्वतःच सांगू लागतील.