जुन्या वस्तऱ्यांचा संग्रह

वस्तरा हे रोजच्या वापरातले हत्यार. ते जपून ठेवावे असे फारसे कोणाला वाटले नाही. न्हाव्याच्या धोकटीत झिजले ते गेले, उरले ते भंगारात पडले. केशकर्तनालयांतून आता दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालावयाचे वस्तरे रूढ झाले आहेत, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्यामुळे अखंड पोलादी वस्तरा आता जुन्या बाजारात, नाहीतर आजोबांच्या ट्रंकेत सापडावयाचा. आम्ही काही वर्षे असे वस्तरे जमवीत आहो. त्या अनुभवावरून प्रथम सांगावेसे वाटते ते हे, की जुना वस्तरा हाती आल्यावर त्याला चकाकी आणण्याची घाई करू नये.

कारण त्याची कुळकथा पोलादावरच कोरलेली असते. पाते जेथे मुठीला जडवितात त्या जाड भागावर कारखानदाराचा ठसा असतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांची खूण म्हणजे चांदणी व माल्टी क्रूस. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे देशाचे नाव ठशात असेल, तर तो वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा समजावा. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. अमेरिकेच्या जकातीने बेळगावात सापडलेल्या वस्तऱ्याचे वय कळावे, ही मोठी गंमत! पात्याचा छेदही बोलका असतो. जुनी पाती पाचरीसारखी भरीव. दोन्ही अंगे खोलगट घासून पाते कागदासारखे पातळ करण्याची कला एकोणिसाव्या शतकात भरास आली.

दुकानदार हे सारे फिरत्या चाकावर धरून आरशासारखे करतात. ठसा पुसट होतो तो होतोच. शिवाय पातळ धार क्षणात तापून तिचे पाणी उतरते. धारेपाशी निळसर छटा दिसली, की ते पोलाद मऊ पडले म्हणून समजावे. असा लखलखीत वस्तरा आम्ही फुकटही घेणार नाही. घेताना पाठ अवश्य पाहावी. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही निसण्यावर एकदम टेकतात. पाठच धारेचा कोन ठरविते. म्हणून पाठीवरची सपाट पट्टी दोन्ही अंगांनी सारखी व अरुंद असावी. ती रुंद किंवा वाकडीतिकडी असेल, तर पुष्कळ पोलाद अडाणी हातांनी खाल्ले आहे.

बोथट दिसणारा वस्तराही बोट कापतो. तो पाठीकडून धरून उघडावा, मिटताना पाते मुठीच्या मधोमध उतरते आहे हे पाहावे, आणि हातून निसटला तर मुळीच झेलू नये.

आमच्या बेळगावचा पावसाळा पोलादाचा वैरीच. वस्तरा कोरडा पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. चामड्याच्या पेटीत तो कायमचा ठेवू नये. चामडे ओल धरते. शिंगाच्या मुठीला कसर लागते, तेव्हा ती अधूनमधून तपासावी. सर्वांत दगलबाज मूठ सेल्युलॉइडची. ती कुजू लागली, की तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेले पाते आतल्या आत गंजते. शेजारच्या वस्तऱ्यांनाही ती बाधा होते. शिवाय सेल्युलॉइड चटकन पेट घेते. असा वस्तरा वेगळा, उघड्या हवेत आणि चुलीपासून दूर ठेवावा.