हलक्या विमानाला वजनाची अट कशासाठी?

गोंदियात विमान म्हटलं की आपल्याला बिरसीचा विमानतळ आठवतो. तिथं वैमानिक व्हायला आलेल्या मुलांना शिकवतात, की ठरलेल्या कमाल वजनाच्या वर जायचं नाही. आज आपण बोलणार आहोत ते नेमक्या उलट नियमाबद्दल. अमुक वजनापेक्षा हलकं विमान चालणार नाही!

हा नियम बंद सभागृहात उडवायच्या रबरी विमानांच्या स्पर्धेतला. पिळलेलं रबर पंखा फिरवतं. ज्याचं विमान जास्त वेळ हवेत राहील तो जिंकतो. जागतिक स्पर्धेच्या ‘एफ१डी’ गटात पंखांचा विस्तार जास्तीत जास्त ५५ सेंटीमीटर, आणि रबर सोडून वजन कमीत कमी १.४ ग्रॅम. सराफी हिशेबात सुमारे साडेअकरा गुंजा. एका तोळ्यात अशी आठ विमानं बसतील.

मग आणखी हलकं केलं तर बिघडलं कुठं? हिशेब बघा. आकार तोच ठेवून वजन दुप्पट केलं, तर तरंगत राहायला शक्ती दुप्पट नाही, पावणेतीनपटीहून जास्त लागते. म्हणजे इथं मिलिग्रॅमलासुद्धा भाव आहे. अट नसेल तर ज्याला सगळ्यात विरळ बालसा, बोरॉनचे तंतू आणि मायक्रॉनहून पातळ फिल्म मिळते, तोच पुढं जाणार.

विरोधकांचं म्हणणंही खोटं नाही. हलकं बांधणं हीच तर या खेळाची कला. शिवाय कसबी माणूस अटीपेक्षा हलकं विमान बांधतो आणि उरलेलं वजन हवं त्या जागी चिकटवतो. त्याचा फायदा संपत नाही, पण मर्यादेत राहतो.

याच गटात पूर्वी विमान १.२ ग्रॅमचं आणि रबर ०.६ ग्रॅमपर्यंत चालायचं. पुढं विमान १.४ आणि रबर ०.४ झालं. बेरीज दोन्ही वेळा १.८! लागणारी शक्ती तीच राहिली, इंधन मात्र एक तृतीयांश घटलं. सांगाड्याला मिळाले ते ०.२ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या धानाचे जेमतेम आठ-दहा दाणे. वाद होतो तो एवढ्यावरून.

आता आपल्या शाळांचं काय? आमगाव-गोरेगावच्या एखाद्या शाळेत स्पर्धा घ्यायची, तर १.४ ची अट मुलांच्या कामाची नाही. अमेरिकेतला ‘पेनीप्लेन’ गट जुन्या एका सेंटच्या नाण्याइतकं, ३.१ ग्रॅम किमान वजन मागतो. आम्हाला तेही कमीच वाटतं. बाजारात मिळणाऱ्या बांबूच्या कामट्या आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आठवीतल्या मुलांना आधी दहा-बारा विमानं करू द्यावीत. ती सराफाच्या काट्यावर तोलावीत, आणि जे वजन बहुतेकांना साधलं तिथं अट ठेवावी.

किमान वजन ठरवताना आपण खरं तर स्पर्धेत कोणाला येता येईल, हे ठरवत असतो. तेव्हा आकडा पुस्तकातून उचलू नका, आपल्या मुलांच्या हातातून काढा.