ॲलर्जीचा जीवघेणा झटका : आधी ॲड्रिनॅलिन, एव्हिल नंतर

२०२१ साली कोरोनाची लस घेतल्यानंतर सर्वांना केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत असत, हे वाचकांना आठवत असेल. "लस आपल्या हडपसरातच तयार झाली, मग आपल्यालाच कशाला बसवता?" असा वाद एका आजोबांनी माझ्याशी घातला होता. त्याचे उत्तर टेबलावरच्या एका छोट्या पेटीत होते. त्या पेटीत ॲड्रिनॅलिनच्या कुप्या होत्या. लसीनंतर तीव्र ॲलर्जी येणे अगदी दुर्मिळ. पण अशाने झालेला एक मृत्यू केंद्र सरकारच्या समितीने जून २०२१ मध्ये मान्य केला होता.

या तीव्र ॲलर्जीला 'ॲनाफायलॅक्सिस' म्हणतात. एखादे इंजेक्शन, वेदनाशामक गोळी, कोळंबी, शेंगदाणे किंवा गांधीलमाशीचा डंख, काहीही निमित्त पुरते. शरीरातील विशिष्ट पेशींमधून हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, छातीत सूं सूं होते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. काही वेळा गांधी उठतच नाहीत, आणि तिथेच फसगत होते.

आपल्या परिसराचा या विषयाशी संबंध जुना आहे. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली स्थापन झाली, तेव्हा सुरुवातीला घोड्याच्या रक्तापासून धनुर्वाताचे प्रतिविष बनवले जाई. (आज आपण घेतो ती टी.टी. ची लस निराळी.) घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीराला परकी, त्यामुळे असे इंजेक्शन देताना ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवावे लागे. सर्पदंशावरची लस आजही घोड्यापासूनच मिळते आणि ती देतानाही हीच तयारी लागते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९९८ च्या पावसाळ्यात फुरसुंगीकडचे एक शेतकरी गांधीलमाशी चावली म्हणून दवाखान्यात आले. अंगभर गांधी उठलेल्या, घसा दाटल्यासारखा. मी एव्हिल दिले, स्टेरॉइड दिले आणि "पडून राहा" म्हटले. थोडी खाज कमी झाली, तसे ते उठून उभे राहिले आणि दारातच कोसळले. नाडी लागेना. तेव्हा कुठे मी ॲड्रिनॅलिन काढले. माणूस वाचला, पण त्या दहा मिनिटांत त्यांच्या पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही.

मी ॲड्रिनॅलिन टाळले, कारण भीती वाटत होती. 'हृदयावर ताण येईल' हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या मनात पक्के बसलेले असते. तो धोका मुख्यतः औषध शिरेतून भराभर दिल्यास असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत योग्य मात्रेत, म्हणजे प्रौढाला जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम दिले, तर ते सहसा सुरक्षित असते. थोडी धडधड व हातांना कंप सुटतो, तो लवकरच ओसरतो. मांडीचा स्नायू मोठा असल्याने तिथून औषध रक्तात लवकर मिसळते.

एव्हिल किंवा सेट्रिझिन फक्त हिस्टामिनला अडवते, म्हणजे खाज व गांधी कमी करते. कोसळलेला रक्तदाब त्याने वर येत नाही, सुजलेला घसा मोकळा होत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला तर काही तास लागतात. ॲड्रिनॅलिन मात्र काही मिनिटांत रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि त्या पेशींमधून बाहेर पडणारी द्रव्येही रोखते. त्याचा परिणाम फार टिकत नाही, म्हणून गरज पडल्यास पाच मिनिटांनी दुसरा डोस द्यावा लागतो. एवढे करूनही रुग्णाला काही तास रुग्णालयात ठेवावे, कारण झटका पुन्हा येऊ शकतो.

घरच्यांनी काय करावे? रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. पाणी, गोळी, काहीही तोंडाने देत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात पाऊल टाकताच 'ॲलर्जीचा झटका आहे' हे शब्द उच्चारावेत. परदेशात रुग्ण स्वतः टोचून घेऊ शकेल असे पेन मिळते. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही. कुपी मात्र स्वस्त असते. दवाखान्यात ती उजेडापासून जपून ठेवावी आणि औषध तपकिरी पडले असेल तर फेकून द्यावे. आपल्या डॉक्टरांकडे ती आहे का, हे रुग्णाने विचारले तर मला तरी राग येणार नाही.

ते शेतकरी आजही येतात. त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे माझ्या अक्षरातली चिठ्ठी असते : 'गांधीलमाशीची तीव्र ॲलर्जी. प्रथम ॲड्रिनॅलिन द्यावे.' कागद घडीवर फाटला की ते नवी लिहून घेऊन जातात.