स्पर्शाची वाट

इतिहास शिकविणाऱ्यांनी चेतासंस्थेवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या नाशिकचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी स्पर्शाचाच इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविला. ज्या स्पर्शाने देव बाटतो असे सांगितले जाई, तो देहात घडतो कसा, हे आम्ही त्या पाठाबरोबरच मुलांना समजावून देतो.

त्वचा हे आपले सर्वांत मोठे इंद्रिय. दाब, कंप, उष्णता, वेदना यांसाठी तिच्यात निरनिराळे ग्राही असतात. बोटांच्या टोकांशी दाट, पाठीवर विरळ. ग्राहीवर दाब पडला की त्याच्या पटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश उठतो. ही द्वारे शोधणारे आर्डेम पॅटापुटियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. संदेश मेरुरज्जूतून मेंदूकडे जाताना बाजू बदलतो. उजव्या हाताची जाणीव डाव्या मेंदूत उमटते. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने धावतात, तर ठसठसत्या वेदनेचे बारीक तंतू जेमतेम एक मीटर. म्हणूनच ठेच लागली की आघात आधी कळतो, कळ मागाहून येते. तापल्या तव्यावरून हात मागे घेण्याचा हुकूम तर मेरुरज्जूच देतो. मेंदूला वार्ता नंतर पोहोचते.

या साऱ्या वाटेवर समोरच्याची जात ओळखणारा ग्राही कोठेही नाही. तथागतांनी पाच इंद्रियांच्या जोडीला मन हे सहावे आयतन मानले आणि स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा असा क्रम सांगितला. विटाळ शिरतो तो या सहाव्या दारातून, आणि तोही कुणीतरी शिकविल्यावर.

वसतिगृहातील मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील चेतातंतूंवरच घाला घालतात. मग काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे जातात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये. शासकीय आरोग्य केंद्रात यावरील औषधे विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच सरतो. अशा मुलाच्या शेजारचे अंथरूण दूर सरकविण्याचे काहीही कारण नाही.