औषध तेच, पण रक्तात किती उरले?

एवढ्याशा बाळाचे पुन्हा पुन्हा रक्त कशाला काढता, असे आईबाप विचारतात, आणि ते साहजिकच आहे. औषध तर सुरू झालेले असते. मग आता काय शोधायचे?

जेंटामायसिनचेच पाहा. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले की अ‍ॅम्पिसिलिनच्या जोडीने हे इंजेक्शन जगभर देतात. जुने, स्वस्त आणि जीव वाचवणारे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत घरपोच नवजात बालसेवा दिली, तेव्हा गावच्याच आरोग्यदूत बायकांनी ते दिले. तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

मात्र हे औषध शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडातून, लघवीवाटे. ते साचत गेले तर मूत्रपिंडाला व कानाच्या आतल्या भागाला इजा होते. मूत्रपिंड बहुधा सावरते. कानातील नाजूक पेशी पुन्हा उगवत नाहीत. जगलेले बाळ बहिरे होऊ शकते, आणि ऐकू न आल्याने बोलायलाही शिकत नाही.

वजनावरून मात्रा ठरवली की झाले, असे वाटते. पण दीड किलोची दोन बाळे घ्या. एक पूर्ण दिवसांचे पण पोटात न वाढलेले, दुसरे तिसाव्या आठवड्यातच जन्मलेले. दुसऱ्याचे मूत्रपिंड अजून कच्चे असते, म्हणून तेच औषध त्याच्या रक्तात कितीतरी अधिक वेळ रेंगाळते. जुलाबांनी सुकलेल्या बाळाचेही तसेच.

म्हणून पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त घेऊन औषध किती उरले ते मोजतात. एका मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी हवे; पुष्कळ ठिकाणी १ च्या आत ठेवतात. जास्त निघाले तर सहसा डोस कमी करत नाहीत, लांबवतात: २४ तासांऐवजी ३६ किंवा ४८ तासांनी. कारण हे औषध जंतू मारते ते एकदम मोठ्या मात्रेने. थोडे थोडे दिले तर जंतू उरतात. इंजेक्शनची व रक्त घेतल्याची वेळ मात्र नेमकी लिहिलेली हवी. वेळेविना तो आकडा कुचकामी.

ही सोय नसेल तेथे रोजचे वजन, लघवीवर लक्ष, क्रिएटिनिनची तपासणी आणि गरज संपताच औषध बंद, एवढे तरी करता येते. घरी जाण्यापूर्वी कानांची तपासणीही व्हावी. काही घराण्यांत आईकडून आलेल्या दोषामुळे पातळी ठीक असूनही कान जातात, तेव्हा आजोळी इंजेक्शननंतर कोणी बहिरे झाले होते का, हे इंजेक्शन घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.